बुद्धाचा हात वाचा



वस्तीत विहार उभा राहतो, तेव्हा वर्गणीतला मोठा वाटा कशावर जातो? मूर्तीवर. कुठली मूर्ती? दुकानातली. सोनेरी, चकचकीत. किती फुटी, एवढंच आपण विचारतो. हात असा का, घडवली कुणी, हे कुणी विचारत नाय. वाजतगाजत आणतो, हार घालतो. मग एक दिवस त्याच मूर्तीपुढं कुणीतरी नारळ फोडतो, पोराच्या नोकरीचा नवस बोलतो. अरे, मग देव्हारा सोडून आपण आलो कुठं? १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशापायी?

मूर्तीच नको, असं माझं म्हणणं नाही. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. ती रंगूनहून आलेली. त्यांचा नकार मूर्तीला नव्हता. नवसाला होता, अवताराला होता. पाचवी प्रतिज्ञा पुन्हा वाचा.

आणि कराडला जा. आगाशिवच्या डोंगरात, जखिणवाडीच्या अंगाला, दोन हजार वर्षांपूर्वीची ६० हून जास्त लेणी आहेत. काळा कातळ माणसांनी टाकीच्या घावांनी पोखरलेला. चैत्यात वंदनेला काय? स्तूप. बुद्धाची मूर्ती पुढं मथुरा-गांधारकडं घडू लागली. त्या भिक्खूंचं मूर्तीवाचून अडलं नाही. मग आपल्याला मूर्ती कशाला? एकाच कारणासाठी : अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही ती वाचता येते.

मग वाचा ना! उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली, हा भूमिस्पर्श. माराने विचारलं, तुझा साक्षीदार कोण? सिद्धार्थानं आभाळाकडं बोट केलं नाही, भुईला हात लावला. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनी ही खूण विसरायची? पंजा समोर उचललेला, हे अभय : भिऊ नका. कानाच्या पाळ्या लांब आणि रिकाम्या : राजपुत्रानं जड कुंडलं उतरवून टाकली त्याची खूण. आणि आपण त्याच कानाला सोनेरी रंग फासतो!

आता घडवणाऱ्याचं. मी सूतगिरणीत मशीनवर उभा असतो. माझं सूत कुणाच्या अंगावर जातं मला ठाऊक नाही, अन् अंगावर घालणाऱ्याला मी ठाऊक नाही. मूर्तिकाराची गत वेगळी नाही. साच्यातल्या मूर्तीलाही हात लागतात : शाडूचा नमुना, त्यावरून साचा, ओतकाम, सांध्यांची घासाई, शेवटी डोळ्यांची आखणी. पापणीची एक रेघ चुकली की करुणा जाते आणि झोप दिसते. दगडात तर चुकलेला घाव परत घेता येत नाही. एवढी विद्या, आणि आपल्या हिशेबवहीत ती काय? ‘मूर्ती, एक नग.’ विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची नावं आकड्यांसकट संगमरवरात कोरलेली. मूर्तिकाराचं नाव कुठंच नाही. श्रमाच्या कविता लिहिणारे आपण, आणि आपल्याच घरात श्रम निनावी!

सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनो, पुढच्या विहाराच्या वेळी दुकान गाठू नका. कुंभाराच्या, पाथरवटाच्या कामाच्या जागी जा. मुद्रा कोणती, हे बायाबापड्यांसह सभेत बसून ठरवा. मूर्ती घडताना पोरांना दाखवा. दाम घासाघीस न करता द्या. चौथऱ्यावर पहिलं नाव घडवणाऱ्याचं कोरा.

एवढं जमत नसेल तर मूर्ती आणू नका. कराडसारखा साधा स्तूप ठेवा, शेजारी पुस्तकांचं कपाट ठेवा. पण ज्याचा हात आपल्याला वाचता येत नाही, त्याच्यापुढं नुसते हात जोडू नका.