दंतवैद्यकाचा परवाना : जनतेचे संरक्षण की धंद्याचे कुंपण?

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात नोंदणी नसताना दातांवर उपचार करणाऱ्या इसमास पहिल्या अपराधाबद्दल पाचशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. त्या काळी ही रक्कम गिरणी कामगाराच्या काही महिन्यांच्या कमाईएवढी होती. पुढे पाऊणशे वर्षे, म्हणजे २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा संमत करीपर्यंत, हा आकडा तसाच राहिला. आज शहरातील दवाखान्यात एका दाताचे रूट कॅनॉल करून त्यावर टोपी बसवावयाची झाल्यास त्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. ज्या गुन्ह्याचा दंड एका दाताच्या दुरुस्तीपेक्षाही स्वस्त आहे, तो गुन्हा थांबविण्याची तळमळ राज्यकर्त्यांना किती होती, हे निराळे सांगावयास नको.

परंतु प्रश्न केवळ दंडाच्या आकड्याचा नाही. आठवडी बाजारात पथारी टाकून दात उपटून देणारा किंवा कवळी बसवून देणारा माणूस आजही आढळतो, याचे कारण त्याच्याकडे जाणारा शेतमजूर अडाणी आहे हे नव्हे. नोंदणीकृत दंतवैद्य तालुक्याच्या गावी बसतो. त्याच्याकडे जावयाचे तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि जे बिल होते ते आठवड्याच्या मजुरीतूनही भागत नाही. तेव्हा दंतवैद्यकाच्या परवान्याचा विचार करताना एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : हा परवाना कोणाचे रक्षण करतो?

या कायद्याचा इतिहास थोडक्यात असा आहे. भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढले आणि त्यांच्याच प्रयत्नाने १९३९ मध्ये बंगाल प्रांतात दंतवैद्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा झाला. तोवर हा धंदा सर्वांना मोकळा होता. परदेशातून पदवी घेऊन आलेले मोजके डॉक्टर, मुंबई-कोलकात्यातील चिनी दंतवैद्य, बापाकडून कसब शिकलेले कारागीर आणि पदपथावरचे वैदू हे सारे एकाच बाजारात उभे होते. स्वातंत्र्यानंतर लगेच, मार्च १९४८ मध्ये, केंद्रीय कायदा आला. त्याने प्रत्येक राज्यात दंत परिषद आणि नोंदपट यांची सोय केली. पदवीधरांची नोंद ‘अ’ भागात व्हावयाची होती. ज्यांच्याजवळ पदवी नव्हती, पण जे किमान पाच वर्षे याच धंद्यावर उपजीविका करीत होते, त्यांची नोंद ‘ब’ भागात होणार होती. जुन्या कारागिराच्या पोटावर पाय न देता पुढील पिढीसाठी शिक्षणाची अट घालणारी ही तरतूद न्याय्य होती. दातांची सफाई करणारे व मुखारोग्याचे शिक्षण देणारे हायजिनिस्ट आणि कवळ्या तयार करणारे डेंटल मेकॅनिक यांच्यासाठीही स्वतंत्र नोंदपट ठरविण्यात आले.

कागदावरची ही रचना शहाणपणाची होती. तिची खरी परीक्षा सत्ता कोणाच्या हाती दिली येथे होते. मूळ कायद्यानुसार राज्य परिषदेवर ‘अ’ भागातील दंतवैद्यांनी निवडलेले चार आणि ‘ब’ भागातील दंतवैद्यांनी निवडलेले चार सभासद, राज्यातील दंत महाविद्यालयांचे प्रमुख, वैद्यक परिषदेने निवडलेला एक प्रतिनिधी, शासनाने नेमलेले तीन सभासद आणि राज्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी अशी मंडळी असावयाची. रुग्णासाठी, ग्राहकासाठी, कामगार वा शेतकरी संघटनांसाठी या कलमात एकही जागा राखलेली नाही. ज्यांचे नोंदपट हीच परिषद ठेवते, त्या हायजिनिस्ट व मेकॅनिक यांनाही मत नाही. परिषदेचा खर्च चालतो तो दंतवैद्यांच्या नोंदणीच्या व नूतनीकरणाच्या शुल्कावर. त्यातील चौथा हिस्सा केंद्रीय परिषदेकडे जातो. थोडक्यात, ज्यांच्यावर नियंत्रण ठेवावयाचे त्यांनीच निवडलेल्या, त्यांच्याच वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाकडे ते नियंत्रण सोपविले गेले.

याचा परिणाम तक्रारींच्या बाबतीत दिसतो. ‘व्यवसायात निंद्य वर्तन’ करणाऱ्या दंतवैद्याचे नाव नोंदपटावरून काढण्याचा अधिकार परिषदेला आहे. १९७६ पासून आचारसंहिता आहे, २०१४ मध्ये ती सुधारलीही गेली. तथापि नुकसान झालेल्या रुग्णाला भरपाई देण्याचा मार्ग या परिषदांच्या दारातून जात नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला, तेव्हा कोठे सामान्य रुग्णाला दाद मागण्याचे ठिकाण मिळाले. शिवाय नोंदणी होते ती माणसाची, दवाखान्याची नव्हे. आरोग्य आस्थापनांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्रीय कायदा अनेक राज्यांनी स्वीकारला. महाराष्ट्राने १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यावरच भिस्त ठेवली, आणि दंतवैद्याच्या खुर्चीला तर खाटच नसते.

या परिस्थितीकडे पाहून बाजारपेठेचे पुरस्कर्ते म्हणतात की परवाना हीच मूळ व्याधी आहे. ती काढून टाका म्हणजे स्पर्धा होईल आणि दर उतरतील. हे मत नवे नाही. मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझनेट्स यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील डॉक्टर व दंतवैद्य यांच्या उत्पन्नाची तुलना करून, डॉक्टरांच्या जादा उत्पन्नाचा काही भाग हा धंद्यातील प्रवेश अवघड केल्याचे फळ आहे असे दाखविले होते. पुढे १९६२ मध्ये फ्रीडमन यांनी वैद्यकीय परवाना सर्वस्वी रद्द करावा अशी भूमिका घेतली. निदान बरोबर असले म्हणून औषध बरोबर ठरत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वैद्यकसेवा ही भाजीपाल्यासारखी वस्तू नाही. घेणाऱ्याला मालाची पारख नसते आणि देणारा सांगेल त्यावरच विसंबावे लागते. उकळून न घेतलेल्या चिमट्याने दात उपटला, त्यातून रक्तावाटे काविळीचा संसर्ग झाला, तर पुढच्या खेपेस दुसरा दंतवैद्य निवडण्याचे स्वातंत्र्य त्या मजुराच्या काय उपयोगाचे? परवाना हवाच. मात्र तो लोकांनी, लोकांच्या वतीने, काही अटींवर दिलेला अधिकार आहे. तो व्यवसायाने आपसात वाटून घ्यावयाचा मक्ता नव्हे.

मक्त्याची ही प्रवृत्ती केवळ भारतातच आहे असे नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे स्वतंत्र दंतमंडळ परवाने देते. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या मंडळातील आठ सभासदांपैकी सहा स्वतः धंदा करणारे दंतवैद्य होते. दात पांढरे करून देण्याचे काम सौंदर्यालयांत व मॉलमध्ये दंतवैद्यांपेक्षा कमी दरात होऊ लागले, तेव्हा २००६ पासून मंडळाने अशा चालकांना ते थांबविण्याची निदान ४७ पत्रे पाठविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला की धंद्यातील मंडळीच ज्या मंडळावर बहुमतात आहेत, त्याच्यावर राज्यसरकारची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यापासून त्याला सूट मिळणार नाही. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातील न्यायालयाला जे उमगले ते येथील धोरणकर्त्यांनाही उमगावयास हरकत नसावी.

याउलट परवान्याचा उपयोग सेवा वाढविण्यासाठी कसा करता येतो, याचे उदाहरण न्यूझीलंडने घालून दिले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सैनिकांच्या दातांची दुरवस्था ध्यानात आल्यावर तेथील शासनाने १९२१ मध्ये तरुण मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळांतील मुलांचे दात भरण्याचे व काढण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. दंतवैद्यांचा विरोध होताच. पण सेवा टिकली आणि अनेक देशांनी तिचे अनुकरण केले. अलास्काच्या दुर्गम आदिवासी वस्त्यांसाठी या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडमध्येच शिकवून आणलेले दंतोपचारक नेमले गेले, तेव्हा दंतवैद्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. २००७ मध्ये निकाल आदिवासींच्या बाजूने लागला, आणि २००९ मध्ये मिनेसोटा राज्याने अशा उपचारकांना कायद्याने मान्यता दिली.

भारतात मात्र १९४८ च्या कायद्यातच असलेल्या हायजिनिस्टच्या नोंदपटाकडे साफ दुर्लक्ष झाले. त्यांची संख्या दंतवैद्यांच्या तुलनेत नगण्य राहिली. वाढ झाली ती खाजगी दंत महाविद्यालयांची. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत व त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय यांसारख्या संस्था सोडल्या तर हे शिक्षण संस्थाचालकांच्या हाती आहे. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा या राज्याने १९८७ मध्ये केला; पण पदवीची किंमत लाखांत गेलीच. कर्ज काढून पदवी घेतलेला तरुण ते पैसे रुग्णाच्याच खिशातून वसूल करणार किंवा दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या वेतनावर राबणार. तो या व्यवस्थेचा लाभार्थी नाही, तोही तिचा बळीच आहे. शहरात दंतवैद्य बेकार आणि गावात दातदुखीने हैराण माणूस बेवारस, असे हे चित्र आहे. शिक्षण बाजारात विकले आणि सेवाही बाजारावर सोपविली, तर यापेक्षा निराळे काय होणार?

येथे प्रश्न दातदुखीपुरता राहत नाही. तंबाखू, मावा, गुटखा यांनी होणारा तोंडाचा कर्करोग हा गरिबांचा रोग आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी व्यसन संपले नाही. गालाच्या आतील पांढरा चट्टा वेळीच ओळखला गेला तर माणूस वाचतो, आणि तो ओळखण्याची सर्वांत अधिक संधी दातांकडे पाहणाऱ्यास असते. गावोगावी, शाळाशाळांतून तोंड तपासणारा प्रशिक्षित माणूस नसणे याची किंमत प्राणांनी चुकवावी लागते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने संमत केला. त्यात १९४८ चा कायदा रद्द करण्याची, पदवीनंतरच्या राष्ट्रीय परीक्षेची, आणि खाजगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांच्या शुल्काबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरविण्याची तरतूद आहे. शुल्काविषयीची तरतूद स्वागतार्ह आहे. पण निम्म्याच जागा का, आणि बंधनकारक नियमांऐवजी मार्गदर्शक तत्त्वे का, याचे उत्तर मिळत नाही. केंद्रातील निवडून आलेल्या परिषदेच्या जागी प्रामुख्याने नेमलेल्यांचा आयोग येतो. धंद्याच्या मक्त्यावरचा उतारा म्हणजे दिल्लीचे नियंत्रण, ही समजूत चुकीची आहे. व्यावसायिकांची सत्ता नोकरशहांकडे गेल्याने ती लोकांकडे येत नाही.

लोकशाही समाजवादी दृष्टीने मागण्या स्पष्ट आहेत. राज्य परिषदेवर निदान एकतृतीयांश जागा रुग्ण, कामगार, महिला व ग्राहक यांच्या प्रतिनिधींसाठी हव्यात आणि हायजिनिस्ट व मेकॅनिक यांना मताधिकार हवा. किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, कोणती कारवाई झाली, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे यावा. नोंदपट तालुकावार प्रसिद्ध व्हावा, म्हणजे दंतवैद्य कोठे आहेत आणि कोठे नाहीत हे लोकांना कळेल. ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाचे पद राष्ट्रीय मानकांतच सांगितलेले आहे. ते कायम स्वरूपात व पुऱ्या वेतनावर भरले जावे. शाळांसाठी हायजिनिस्ट तयार करण्याचे शिक्षण जिल्हा पातळीवर शासनाने विनाशुल्क द्यावे, आणि त्यात ग्रामीण मुलींना प्राधान्य असावे.

या मागण्या निवेदनाने पदरात पडणार नाहीत. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन दंतवैद्याचे पद भरलेले आहे काय, खुर्ची चालू आहे काय, चिमटे निर्जंतुक करण्याचे यंत्र आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. माहितीच्या अधिकाराखाली राज्य परिषदेकडून तक्रारींचा हिशेब मागवावा. नोकरी न मिळालेल्या तरुण दंतवैद्यांना या लढ्यात सोबत घ्यावे. त्यांचे हित आणि गावकऱ्यांचे हित येथे एकच आहे. बाजारातल्या पथारीवाल्याला पोलिसांकरवी हाकलणे सोपे आहे. पण तो गेल्यावर दुखऱ्या दाताच्या माणसाने जावे कोठे, याचे उत्तर परवाना देणाऱ्या राज्याला द्यावेच लागेल.