सरोवर दाखवले, भाकर लपवली
(बी. ए. भाग २)

लोणारचे सरोवर पाहायला परदेशातून माणसे येतात. आमचे बीबी त्याच तालुक्यातले. तरी ते विवर मी नीट पाहिले ते कॉलेजात आल्यावरच.

गेल्या हिवाळ्यात शिबिरात ओळख झालेले दोन शहरी मित्र आले. मी त्यांना काठावर उभे करून सगळे सांगितले. उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात हे विवर पडले, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, पाणी खारे आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दैत्यसूदनाचे मंदिर दाखवले, गोमुखाची धार दाखवली. छाती अभिमानाने भरून आली.

पण घरी? आदल्या दिवशी माय म्हणाली होती, “पाहुण्यांसाठी रोडगे अन् वांग्याची भाजी करतो.” मी म्हटले, “नको, पुऱ्या कर.” ती एवढेच म्हणाली, “काऊन रं, आपल्या खाण्याची लाज वाटते का तुले?”

पाहुण्यांनी पुऱ्या खाल्ल्या. मग एकाने वडिलांच्या ताटातली ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा पाहून विचारले, “आम्हाला हे का नाही?” मला उत्तर देता आले नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. ही लाज आपल्याला कोणत्या प्राध्यापकांनी शिकवली? कोणीच नाही. ती आपण आपल्याच मनाने शिकलो. आज आमच्या शेतात सोयाबीन आहे. भाकरीची ज्वारी विकत आणावी लागते. खाणाराच लाजू लागला तर ती पेरणार कोण?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, यापुढे महाविद्यालयाची सहल लोणारला गेली तर जेवणाचे काम गावातल्या महिला बचत गटाला द्यावे. अभयारण्यात डबे आणि प्लास्टिक नेऊ नये. सरोवर डोळ्यांनी पाहावे आणि गावात येऊन पंगतीला बसावे. चार पैसे राबणाऱ्या हातांना मिळतील आणि पाहुण्यालाही या मातीची चव कळेल.

ते मित्र पुन्हा येणार आहेत. या वेळी गोवऱ्या मीच रचणार आहे.