झाडं लावू, पण फुकट नाही!

"बांधलेलं धरण कुणी पाडतं का, बाई?" साहेब हसून विचारतात. पाडतात! अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीचं पाणी २००२ साली घटलं, तापलं आणि हजारो सामन मासे मेले. युरोक, कारुक आदिवासी बाया-पुरुष वीस वर्षं लढले. २०२४ पर्यंत चार धरणं पाडून घेतली. त्याच वर्षी सामन वरच्या पात्रात परतले. उघड्या पडलेल्या गाळावर पेरायचं रानबी युरोक लोकांनी हातांनी वेचलं, तेही मजुरी घेऊन.

आमच्याकडे नदीकाठी झाडं लावायची निघाली, की बचतगटाच्या बायांना 'श्रमदान' सांगतात. खड्डे आम्ही खणायचे, हंडे आम्ही वाहायचे. काठाची जमीन कुणाच्या नावावर, असं विचारलं की साहेबांची बैठकच संपते! बायांनो, पुढच्या बैठकीला सातबारा घेऊनच जाऊ.