बेत वाळवंटाचा, हिशेब पाण्याचा

सहलीचा बेत आपण गाडीचे वेळापत्रक पाहून आखतो. आफ्रिकेतील नामिबिया देशाचा बेत मात्र पाण्यापासून आखावा, असे आम्ही सांगू. क्षेत्रफळ सुमारे ८.२५ लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेनुसार अवघी ३० लाख! वाटेत बिघाड झाला तर मदत तासन् तास मिळत नाही.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ निवडावा. रानातील डबकी आटतात आणि इटोशा राष्ट्रीय उद्यानातील पाणवठ्यांवर हत्ती, सिंह, जिराफ आपणहून येतात. त्यांच्यामागे गाडी पळवू नये, पाणवठ्याजवळ गप्प बसावे. राजधानी विंडहूकपासून हे अंतर ४०० किलोमीटरहून अधिक. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, पण बरेच रस्ते खडीचे. म्हणून दोन स्टेपनी, भरपूर पाणी, दिसेल त्या पंपावर पेट्रोल आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम, हे चार नियम पाळावेत.

आता पैशाचे. हा देश १९९० साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीतून मुक्त झाला. १९९६ च्या कायद्याने सामूहिक जमिनीवरील गावकऱ्यांना संघ स्थापून वन्यजीवांपासूनच्या उत्पन्नावर हक्क मिळाला. तेव्हा मुक्काम ठरवतानाच विचारावे, आमच्या भाड्यातला वाटा गावाला मिळतो का? हत्ती ज्यांचे शेत तुडवतो, त्यांच्या घरी हत्ती पाहणाऱ्यांचा पैसा पोहोचलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.