रुग्णालयांतून परतलेल्यांची पुढील व्यवस्था

कर्जत व खालापूर या तालुक्यांत ठाकुरवाडी हें नांव एकाच वस्तीचें नव्हे. डोंगराच्या कुशींत अशा वाड्या अनेक आहेत. आपल्या भाताची लावणी व कापणी पुष्कळ अंशीं तेथील माणसांच्या हातून होते. म्हणून तेथील आजारी माणूस रुग्णालयांतून घरीं आल्यावर त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपण खातेदार शेतकऱ्यांनीं आपला मानला पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

क्षयाचेंच उदाहरण घ्या. औषधें सरकारांतून फुकट मिळतात, परंतु तीं साधारणतः सहा महिने अखंड घ्यावीं लागतात. दोनएक महिन्यांत खोकला थांबतो, अंगांत शक्ति येते, आणि नेमक्या त्याच वेळीं गोळ्या सुटतात. अर्धवट दबलेला रोग उलटला, म्हणजे तो साध्या औषधांस दाद देईलच असें नाहीं. त्यांत लावणीची घाई असली कीं आपणच त्याला बोलावणें धाडतों!

क्षयरोग्याच्या पोषणासाठीं एप्रिल २०१८ पासून सरकार दरमहा ५०० रुपये देई; नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. रक्कम बँकेच्या खात्यांत जमा होते. पण खातें बंद पडलेलें, आधार जोडलेलें नाहीं, पासबुक वाचणारा कोणी नाहीं, अशी स्थिति असेल तर ती घरांत पोंचत नाहीं. कागदांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास एवढें कळतें कीं, मंजुरी निराळी आणि पावती निराळी.

सप्टेंबर २०२२ पासून ‘नि-क्षय मित्र’ होऊन कोणाही गृहस्थास वा संस्थेस अशा रोग्याच्या शिध्याचा भार उचलतां येतो. आपल्या संघानें तो जरूर उचलावा. परंतु शिधा देणें त्यांतल्या त्यांत सोपें. चढण चढून जाणें कठीण. १९ जुलै २०२३ रोजीं इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हां धडधाकट मदतगारांसही पायवाटेनेंच वर जावें लागलें. तशा वाडींतून अशक्त माणसानें फेरतपासणीस एकट्यानें उतरावें, ही अपेक्षाच चुकीची आहे.

केरळांत १९९३ सालीं कोझिकोड येथें असाध्य रोग्यांच्या वेदना शमविण्याचें काम सुरू झालें, व पुढें शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनीं तें घरोघर नेलें. हे शेजारी वैद्यकी करीत नाहींत. विचारपूस करतात, आणि त्रास वाढला तर परिचारिकेस कळवितात.

प्रत्येक वाडीमागें आपल्यापैकीं दोघे पुढें येतील तर पुरे. आशाताईंस विचारून तपासणीची तारीख टिपावी, त्या दिवशीं मोटारसायकल पायथ्याशीं उभी करावी, गोळ्यांचें पाकीट डोळ्यांनीं पाहावें. रोग्याचा आजार मात्र चारचौघांत बोलूं नये. आणि डॉक्टरांनीं श्रम वर्ज्य सांगितले असतील तोंवर त्याला चिखलांत उतरवूं नये, कीं त्या काळांत मागील उचल वळती करूं नये.