आयसिस संपली का? नकाशा एक सांगतो, वसुली दुसरंच

‘आयसिस संपली’ आणि ‘आयसिस परत आली’ असे दोन्ही मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. खरं काय, ते ताकद कशात मोजता त्यावर आहे.

जमिनीत मोजली तर संपल्यातच जमा. 2014 मध्ये इराकचं मोसुल घेऊन त्यांनी खिलाफत जाहीर केली. 2017 ला मोसुल आणि रक्का दोन्ही हातचं गेलं. मार्च 2019 मध्ये सीरियातलं बागूझ हे शेवटचं गावही सुटलं. त्याच ऑक्टोबरात म्होरक्या बगदादी मेला.

पण हराळी आपल्याला माहीत आहे. नांगराने तुकडे झाले की तुकडा तुकडा फुटतो. मार्च 2024 मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहात 140 च्या वर माणसं मारली गेली. त्याला राज्य लागलं नाही, चार बंदूकवाले पुरले. आणि प्रचाराला मोबाईल पुरतो. 2014 ला आपल्या कल्याणचे चार तरुण इराकला गेले होते.

तरी माझ्या मते ताकद हल्ल्यात मोजू नये, वसुलीत मोजावी. नायजेरियात चाड सरोवराकाठी त्यांची शाखा मासेमार, गुराखी, शेतकरी यांच्याकडून चक्क कर घेते. म्हणजे तिथं सरकार पोचत नाही, आणि गरीब माणूस देतो, करणार काय? शेजारच्या नायजरमध्ये 2023 ला लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर फ्रान्सचं, मग अमेरिकेचं सैन्य तिथून निघालं. आता इराक-सीरियापेक्षा नजर या पट्ट्यावर ठेवावी लागेल.