नशा करणारी बाई आणि आपण

दारूच्या प्रश्नावर आपण बायकांनी कमी काम केलेले नाही. हातभट्ट्या फोडल्या, गुत्त्यांवर मोर्चे नेले, आडव्या बाटलीसाठी घरोघर फिरून मते मिळवली. १९९२ साली आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावच्या बायकांनी दारूविरुद्ध कंबर कसली आणि ते लोण राज्यभर पसरले. १९९३ साली आपल्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. या सगळ्या लढ्यांतून व्यसनाचे एक चित्र आपल्या मनात पक्के झाले आहे. पिणारा तो, सोसणारी ती. चित्र खोटे नाही. आजही आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बहुतेक जणी हीच कहाणी घेऊन येतात. पण या चित्रात एक बाई कुठेच बसत नाही. ती म्हणजे स्वतः नशा करणारी बाई.

मराठी मनावर तर हे चित्र १९१९ पासून कोरलेले आहे. त्या वर्षी गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. सुधाकर पितो, सिंधू दळण दळून संसार रेटते आणि त्यातच संपते. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक ढसाढसा रडत. आता सिंधू पीत असती अशी कल्पना करून पाहा. तिच्यासाठी कोण रडले असते? ती नाटकात आली असती ती 'तसली बाई' म्हणूनच. गंमत अशी, की पिणाऱ्या माणसाचे मन गडकऱ्यांना नीट उमगले होते. सुधाकर चैन म्हणून पीत नाही. वकिलीची सनद काही काळासाठी जाते, चारचौघांत मान खाली जाते, त्या जखमेवर पहिला पेला येतो. मध्ये तो सोडतोसुद्धा. पण कामासाठी ज्यांच्या दारी जातो ते झिडकारतात, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. सुधाकरच्या बाबतीत हे सगळे आपण समजून घेतो. बाईच्या बाबतीत घेणार आहोत का?

खरवई हे बदलापूर पूर्वेचे जुने गाव. आता ते कुळगाव-बदलापूर नगरपालिकेत आले आहे आणि शेजारी एमआयडीसीचे कारखाने आहेत. इथल्या एखाद्या चाळीतली एक बाई डोळ्यांपुढे आणा. ही कोणी एक खरी बाई नव्हे. तुमच्या वस्तीतली कोणीही असू शकेल. कंपनीत पॅकिंगला आठ तास उभी, घरी आल्यावर पुन्हा ओट्याशी उभी. बाळंतपणानंतर झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस संपले, गोळ्या चालूच राहिल्या. मेडिकलवाल्याला तिचा चेहरा ओळखीचा झाला, तो चिठ्ठी मागेनासा झाला. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रॅमाडॉल ही औषधे २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि कोणाला दिली ते दुकानदाराने नोंदवून ठेवायचे, असा नियम आहे. नियम आहे हे दुकानदाराला माहीत असते, बाईला नसते.

एकीचे असे गोळ्यांनी सुरू होते, दुसरीचे खोकल्याच्या औषधाने. तिसरीच्या हातावर नवराच 'एकदा घेऊन तर बघ' म्हणत गर्दची पुडी ठेवतो, नाहीतर एम.डी. (ही मेफेड्रोनची पावडर २०१५ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली.) आणि मिशेरी? ती सासूही लावते, सूनही लावते, बैठकीला येताना डबी कमरेला असते. तीही तंबाखूच, सकाळी मिळाली नाही तर डोके दुखते, पण तिची कोणाला लाज वाटत नाही. म्हणजे लाज कशाची वाटायची हे त्या पदार्थात किती विष आहे यावर ठरत नाही. चांगल्या बाईने काय करावे हे समाजाने ठरवलेले असते, त्यावरून ते ठरते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारू पिणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, बायकांत १.६ टक्के. हा आकडा दाखवून 'बायकांत हा प्रश्न नाहीच' असे सांगणारे भेटतात. पण एवढ्या मोठ्या देशात दीड टक्का म्हणजे ऐंशी-नव्वद लाख बायका होतात. शिवाय दारात फॉर्म घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला, आत सासरा खोकत असताना, कोणती बाई 'हो, मी पिते' म्हणेल? त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. हे सर्वांचे मिळून झाले. त्यात बाईच्या वाट्याला काय आले असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता तिच्या मनात दिवसभर काय चालते ते पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. गोळी घेतली नाही तर हात थरथरतात, जीव घाबराघुबरा होतो. घेतली तर डोळा लागतो आणि पोराला शाळेतून आणायची वेळ चुकते. पोर फाटकाशी रडत उभे. ते पाहून तिला स्वतःची इतकी किळस येते की ती सहन होत नाही. आणि सहन न होणारे सहन करण्याचा एकच मार्ग तिला ठाऊक असतो: गोळी. रात्री देवापुढे कान धरते, सकाळी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी मोडलेल्या निश्चयाची भर पडते आणि 'मी अशीच, नालायक' हे अधिक पक्के होते. अपराधीपणामुळे माणूस सुधारतो असे आपण धरून चालतो. इथे अपराधीपणा नशेलाच सरपण पुरवतो.

'माझ्या हातून चूक झाली' असे वाटणे निराळे आणि 'मीच चूक आहे' असे वाटणे निराळे. पहिल्यातून माणूस काहीतरी दुरुस्त करायला उठतो. दुसऱ्यात दुरुस्त करणार कोण? ती बाईच स्वतःच्या लेखी उरलेली नसते. आणि बाईला दुसऱ्या प्रकारचे वाटावे याची तयारी आपला समाज तिच्या लहानपणापासून करून घेतो. मूल आजारी पडले, तिची चूक. नवरा बाहेर गेला, तिची चूक. मग नशा तर काय, तिच्या हाताने घेतलेली!

पुरुष व्यसनात बुडाला की बायकोच त्याला उपचाराला घेऊन येते, फी भरते, डबा पोचवते. बाई बुडाली की तिला माहेरी धाडतात, किंवा कोंडून ठेवतात, आणि पोरे काढून घेतात. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला, आणि त्याने पुष्कळ जणींना आधार दिला. स्वतः व्यसनात असलेल्या बायकांसाठीचा वेगळा विभाग तिथे निघायला मात्र पुढे दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. यात मुक्तांगणला दोष द्यायचा नाही. बाकीच्या कितीतरी ठिकाणी तेवढेही झालेले नाही. बाई उपचाराला येतच नव्हती, कारण येणे म्हणजे आपण कोण आहोत ते गावभर जाहीर करणे होते.

इथे आपल्यातलीच एखादी कार्यकर्ती रागाने विचारील, आणि तिचा राग रास्त आहे: 'दारू पिऊन मारणारा नवराही हेच म्हणतो की, हा आजार आहे, मी काय करू? बाईला सूट दिली की त्यालाही द्यावी लागेल.' या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. व्यसन हा आजार आहे, दोघांच्याही बाबतीत. पण नवरा पिऊन आल्यावर मुकादमाला मारत नाही, हवालदाराला मारत नाही. घरी येऊन बायकोलाच मारतो. एवढी शुद्ध त्याला असते. तलफ आजारातून येते, मारणे येते मालकीच्या भावनेतून. तलफेला दवाखाना आहे, मारण्याला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, आणि एकाच माणसाला दोन्ही लागू होऊ शकतात. हेच माप बाईलाही लावू. पोराची आबाळ झाली असेल तर झाली. तिची भरपाई तिनेच करायची आहे, आपण ती झाकायची नाही. पण भरपाई करायला तिला आधी उभे राहता आले पाहिजे, आणि 'तू आई आहेस की कोण' असे रोज ऐकणारी बाई उभी राहत नाही.

आपल्या हातून नकळत होणारी एक गोष्ट तर जिवावर बेतणारी आहे. आपण शपथा घालतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतो, गळ्यात माळ घालायला लावतो, 'आजपासून बंद' म्हणवून घेतो. वर्षानुवर्षे रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने एकदम सगळे थांबवले तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. गर्दसाठीही जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी असते. 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून तिला नाके मुरडणे सोपे आहे, पण तिच्यामुळे माणसे सुया आणि पुड्यांपासून दूर राहून कामाला जाऊ शकतात. शपथ मोडली की बाई बैठकीला येणे थांबवते, हा आपला सर्वांचा अनुभव. ती खोटारडी होती असे आपण म्हणतो आणि पुढचा विषय घेतो.

१९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभी राहिली. उपदेश करणारे त्यांना आधीही पुष्कळ भेटले होते. ऐकणाऱ्यानेही तेच भोगले आहे, त्यामुळे तो दचकणार नाही, हे नवीन होते. आपल्या स्त्री-गटांची पद्धत याहून वेगळी कुठे आहे? मार खाणारी बाई पहिल्यांदा बोलली ती दुसऱ्या मार खाणाऱ्या बाईपाशी. तेव्हा 'तू आधी नवऱ्याला सोड, मग बैठकीला ये' अशी अट आपण घातली नव्हती. मग नशा करणाऱ्या बाईला 'आधी सोड, मग ये' का?

कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी प्रत्येक गटाला पाठ हव्यात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, नशा केली किंवा अगदी थोडा माल जवळ सापडला एवढ्यावरून आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार पुरा केला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचाही समावेश आहे. उपचाराच्या नावाखाली साखळीने बांधणे, जबरदस्तीने डोके भादरणे याला त्या कायद्याने बंदी आहे. आणि उपचार घेणाऱ्या बाईचे तीन वर्षांखालचे मूल सहसा तिच्यापासून तोडायचे नाही. मुलाला धोका आहे म्हणून वेगळे केलेच तर दर पंधरा दिवसांनी त्याचा फेरविचार करायचा, असेही त्यात आहे. सासरचे 'पोर विसर' म्हणतात तेव्हा हे कलम तोंडावर म्हणता आले पाहिजे. सरकारची १४४४६ ही मोफत फोनसेवाही आहे.

पण फोन लावून दिला म्हणजे काम झाले असे नाही. खरवईच्या बाईला उपचारासाठी पुण्याला राहायचे तर कल्याणहून गाडी, महिनाभराची रजा, बुडालेली मजुरी, आणि शेजारपाजारी सांगायला काहीतरी कारण लागते. बाळंतपणाला, ऑपरेशनला गेलेल्या बाईचे घर आपण पाळी लावून सांभाळतो. हिचेही तसेच सांभाळायला कोण तयार आहे, तिच्या मुलाचा डबा कोण करणार आणि त्याला शाळेतून कोण आणणार, हे पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या.